शिक्क्याचा कागद

म्हैसुरात जानेवारी लागला की आधी अवरेकाईचा वास येतो. आपल्याकडे हिला पावटा म्हणतात, पण पावटा म्हटलं की तो वास येत नाही. दव पिऊन फुगलेल्या शेंगा, सालीवरचा तेलकट चिकटा, सोलताना बोटांना बसणारा उग्र हिरवा दर्प. इथली माणसं त्याला सोगडु म्हणतात आणि शेंग नाकाशी धरल्याशिवाय विकत घेत नाहीत. रस्त्याच्या कडेला शेंगांचे ढीग लागतात, शेजारी उसाच्या मोळ्या उभ्या राहतात, दुकानांच्या दारात तीळ, शेंगदाणे, गुळाखोबऱ्याचे बारीक तुकडे घातलेल्या पुड्या लटकायला लागतात. संक्रांत आठ दिवसांवर आलेली असते आणि सगळं शहर खुशीत असतं.

मी नसते. गेली चौदा वर्षं हा वास नाकात शिरला की मी दाराकडं बघायला लागते. कचेरीत जिन्यावर पावलं वाजली की मी मान वर करते. एखादी वयस्क बाई, काठाची सुती साडी, हातात पिशवी, अशी आकृती दाराच्या उजेडात उभी राहिली की हातातला शिक्का हातातच राहतो. बहुतेक वेळा ती दुसरीच कुणी असते. पण वर्षातून एकदा ती तीच असते.

मी मुळात कमी बोलणारी. नजरबादच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकीच्या टेबलावर माझी सगळी नोकरी गेली. कागद आला की नोंदवायचा, शिक्का मारायचा, पुढे पाठवायचा. आत काय लिहिलंय ते वाचायचं नाही, ही तिथली शिस्त. तीच शिस्त मी घरीही पाळली. स्वतःबद्दलचं काही वाचलं नाही, कुणाला वाचू दिलं नाही. यंदा मात्र तारीखच उभी राहिली, म्हणून लिहिते आहे.

*

मी सांगलीकडची. लग्न होऊन इथं म्हैसुरात, चामराजपुरमच्या घरात आले तेव्हा तिथलं मराठी मला अर्धंच कळायचं. त्या घरातले पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. घोडे गेले, पागा गेल्या, मुलगे बँकेत आणि शाळांत लागले, पण घरातल्या बोलण्यात हुकूम हा शब्द राहून गेला होता. जेवायला बसायचं झालं तरी माझ्या सासूबाई आतून म्हणायच्या, "या, हुकूम झाला." त्यांना सगळे अत्ते म्हणत, म्हणून मीही अत्ते म्हणायला लागले. कन्नडमध्ये सासूला तेच म्हणतात.

"अगं वसू, सुम्ने उभी राहू नको. खोबऱ्याची काळी पाठ काढ. आणि तुकडे सगळे एकसारखे हवेत हं, तुमच्या सांगलीसारखी ढेकळं नकोत."

सुम्ने म्हणजे उगीच. हा शब्द मी पहिल्याच आठवड्यात शिकले.

संक्रांतीच्या आधीचे पंधरा दिवस गच्चीवर चादरी अंथरलेल्या असत. खोबरं वाळायचं, गुळाचे खडे वाळायचे, आणि राखणीला माझी चैत्रा बसायची, हातात काठी घेऊन, कावळ्यांना कन्नडमध्ये शिव्या देत. अत्ते साखरेचे अच्चू घरी करायच्या. लाकडाचे साचे आदल्या दिवशी पाण्यात भिजत पडत. साच्याच्या दोन फळ्या सुतळीनं घट्ट बांधायच्या, साखरेचा पाक दुधानं मळ काढून घोटायचा, पांढरट झाला की त्या क्षणी ओतायचा. क्षण चुकला की सगळं गेलं. साचे उघडताना घरात कुणी बोलायचं नाही. आतून निघायचे पोपट, मासे, तुळशीवृंदावन आणि हत्ती. हत्तीच्या साच्याचा एक कोपरा कधीतरी तुटला होता, त्यामुळे त्या घरचा प्रत्येक हत्ती तीन पायांचा.

"याचा एक पाय कुठाय, अज्जी?" चैत्रा दर वर्षी विचारायची.

"गेला की शेजाऱ्यांकडं तीळ द्यायला. येईल परत."

धाकटा पवन तेव्हा मांडीवरचा. तो हत्तीची सोंड चोखत बसायचा आणि त्याच्या हनुवटीवरून साखर ओघळायची. अत्ते ती बोटानं निपटून स्वतःच्या तोंडात घालायच्या. मला ते आवडायचं नाही. तेव्हाही नाही. माझ्या मुलाच्या तोंडातलं इतक्या सहज आपलं समजणारं दुसरं कुणी असावं, याची मला तेव्हापासूनच भीती वाटत असावी.

*

लग्न का मोडलं ते इथं लिहीत नाही. तो भाग मुलांचे वडील आणि मी, दोघांपुरता होता आणि आता दोघांपुरताही उरलेला नाही. पण एक गोष्ट लिहायलाच हवी. मुलं कुणाकडं राहावीत यावर मोठी माणसं बसली, तेव्हा अत्ते एकच वाक्य बोलल्या. "लेकरं आईकडं राहू देत." पोटच्या मुलाकडं न बघता बोलल्या. तो तिथून उठून गेला, आणि पुढं कित्येक महिने त्यांच्याशी बोलला नाही.

ज्या बाईनं मला मुलं मिळवून दिली, तिच्यापासून मी ती तोडली.

मी बेळगोळच्या रस्त्याकडं दोन खोल्या घेतल्या, चामराजपुरमपासून जमेल तेवढ्या लांब. पहिलं वर्षभर मुलं शनिवारी शाळा सुटली की अज्जीकडं जात आणि संध्याकाळी मी त्यांना आणायला जाई. त्या शनिवारच्या दुपारी मला अजून अंगावर जाणवतात. मी एकटी घरात. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. ती दोघं आता काय ऐकत असतील? कुणी काय विचारत असेल? परत आलेली मुलं माझीच असतील ना? घरी आल्यावर मी त्यांना जवळ घ्यायची आणि केसांचा वास घ्यायची. खोबरेल आणि त्या घरचा धूप. मी लगेच न्हायला पाणी काढायची.

एका शनिवारी मी आणायला गेले तर चैत्राची चप्पल सापडेना. आम्ही सगळं घर शोधलं. शेवटी ती पाण्याच्या हंड्यामागं निघाली. तिनंच लपवली होती.

"मी नाही येत," आठ वर्षांची माझी मुलगी म्हणाली. "मी अज्जीकडंच राहणार. तू आणि पवन जा."

अत्ते हसल्या. "अय्यो, आणि आईला भाकरी कोण देणार, मी?" असं म्हणून त्यांनीच तिला चप्पल घातली, पाठीवर थाप मारली, वाटेला लावलं. त्यांच्या लेखी तो पोरखेळ होता.

माझ्या लेखी नव्हता. त्याच महिन्यात मुलांच्या वडिलांच्या वकिलाचं पत्र आलं होतं, ताब्याचा प्रश्न पुन्हा काढू म्हणून. मी माझ्या वकिलांना विचारलं, असं झालं तर पुढं काय होतं? ते फाईल बांधता बांधता सहज म्हणाले, "काही नाही हो. न्यायाधीश मुलांनाच विचारतात, कुठं राहायचंय."

ते वाक्य घेऊन मी बसमधून घरी आले. रस्ताभर मला एक मोठी खोली दिसत होती, उंच खुर्ची दिसत होती, आणि चैत्रा तिथं मान वर करून सांगत होती, मी अज्जीकडंच राहणार.

*

अत्त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. कन्नड येई, मराठी थोडं. हे मला माहीत होतं. मी काय केलं ते सरळच लिहिते.

पुढच्या शनिवारी मी मुलांना न नेता एकटीच गेले. माझ्या पर्समध्ये घटस्फोटाच्या निकालाची प्रत होती. इंग्रजी चार पानं, शेवटी निळा गोल शिक्का. त्यात अत्त्यांचं नावही नव्हतं. वडिलांनी मुलांना कधी भेटावं एवढंच होतं.

"अत्ते, कोर्टाचा हुकूम आलाय," मी म्हणाले. "त्यांच्याकडच्या कुणी मुलांना भेटायचं नाही, बोलायचं नाही."

"मी पण?"

"कुणीच नाही."

त्यांनी हात पदराला पुसले आणि कागद घेतला. पानं उलटली. अक्षरांवरून नजर नुसती घसरत गेली आणि शिक्क्यावर थांबली. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मी रोज शेकडो शिक्के मारते. शिक्क्यापुढं माणूस कसं गप्प होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"किती वर्सं?"

हे मी ठरवून गेले नव्हते. "मुलं मोठी होईपर्यंत."

"म्हणजे धाकटा अठराचा होईपर्यंत." त्यांनी मनात हिशेब केला असावा. पवन तेव्हा चारचा होता. "आयतु," त्या म्हणाल्या. झालं, ठरलं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. "हुकूम म्हणजे हुकूम. आमच्या घरात कुणी मोडला नाही." मग कागदाची नीट घडी घालून माझ्या हातात देताना हळूच विचारलं, "भेटायचं नाही लिवलंय. खाऊ द्यायचा नाही असं तर नाही ना लिवलं?"

तेही लिहिलंय, असं मला म्हणता आलं असतं. आलं नाही. "खाऊ चालेल," मी म्हणाले. "पण घरी नको. कचेरीत द्या."

मला वाटलं होतं त्या भांडतील, रडतील, कुणा शिकलेल्याकडून कागद वाचून घेतील. कित्येक महिने त्याच धास्तीत काढले. त्यांनी कुणालाही विचारलं नाही. कोर्टानं सांगितलंय ते पुन्हा तपासायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मुलांना मी सांगितलं, अज्जीला आता जमत नाही, तिची तब्येत बरी नसते. चैत्रानं दोनचारदा विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं. वडिलांनीही पुढं काही अर्ज केला नाही. ते दुबईला गेले, तिथंच दुसरा संसार मांडला. म्हणजे ज्याची भीती होती ते कधी झालंच नाही. पण तोपर्यंत माझं खोटं इतकं जुनं झालं होतं की आता त्याचीच भीती वाटायला लागली होती.

*

दर वर्षी संक्रांतीच्या आधी अत्ते स्टीलचा डबा घेऊन कचेरीत यायच्या. टेबलाच्या पलीकडं उभ्या राहायच्या. मी खुर्ची द्यायची, त्या बसायच्या नाहीत.

"चैत्राला अजून खोबरंच जास्त लागतं का गं?"

"हो."

"पवन बोलतो का नीट? र म्हणता येत नव्हता त्याला."

"आता येतो."

"माझं नाव काढतात का?"

"काढतात. परवाच चैत्रा म्हणत होती, अज्जीसारखी आंबटगोड गोजू कुणालाच जमत नाही."

मी त्यांना दर वर्षी अशी वाक्यं रचून द्यायची आणि मागच्या वर्षी काय सांगितलं ते लक्षात ठेवायची. त्या ती वाक्यं पदरात बांधल्यासारखी घेऊन जायच्या. मागच्या वर्षीचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, म्हणून मी कोपऱ्यावरच्या बेकरीतून काहीतरी आणून त्यात घालायची आणि म्हणायची, मुलांनी दिलंय.

घरी पोचण्याआधी मी बसथांब्यावर डबा उघडायची आणि हत्ती वेगळे काढायची. पोपट, मासे दुकानातले म्हणून खपून जात. तीन पायांचा हत्ती चैत्रानं ओळखला असता. ते हत्ती मी पर्समध्ये लपवून कचेरीत नेले आणि रोज एकेक चहात विरघळवून प्यायले. पेल्याच्या तळाशी सोंड शेवटपर्यंत राहते. ती विरघळेपर्यंत मी ढवळत बसायची.

"मॅडम, केवढी साखर!" शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणायच्या. "शुगर होईल हां तुम्हाला."

*

एका वर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी मुलांना घेऊन मोठ्या मार्केटात गेले होते. मी सहसा जात नसे. पण चैत्रा अकराची झाली होती, ऊस स्वतः निवडायचा म्हणून हटून बसली होती. गर्दी, झेंडूचे ढीग, पायाखाली केळीची पानं. आणि वीसेक पावलांवर, कुंकवाच्या दुकानासमोर, अत्ते.

त्यांनी आम्हाला पाहिलं. आधी पवनला पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं. आता हाक मारतील, आता चैत्रा धावेल, आता सगळं उघडं पडेल.

अत्त्यांनी हाक मारली नाही. डोक्यावरून पदर पुढं ओढला, वळल्या आणि दुकानांमधल्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. शाळेत शिक्षा झालेलं मूल उभं राहतं तशा. माणसं त्यांना धक्के देत जात होती. त्या हलल्या नाहीत.

हुकूम पाळत होत्या.

मी मुलांचे हात धरले आणि त्यांच्या पाठीमागून, दोन हातांवरून, निघून गेले. पवननं विचारलं, "आई, त्या अज्जी भिंतीकडं का बघतायत?" मी म्हणाले, "चक्कर आली असेल." चैत्रा काहीच बोलली नाही. ऊसही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीच्या संध्याकाळी, आमच्या गल्लीत हळद लावलेल्या गाई पेटत्या गवतावरून उडवत होते. दर वर्षीचा खेळ. एक गाय ज्वाळेपाशी येऊन थांबली, कान मागं, डोळे पांढरे, माणसं ओरडतायत, मागून काठ्या पडतायत. सगळ्यांना मजा येत होती. मी मुलांना घेऊन घरात आले आणि दाराला कडी घातली.

*

मागच्या आठवड्यात अत्ते कचेरीत आल्या. ऐंशीच्या झाल्या आहेत. जिना चढून आल्यावर बराच वेळ कठड्याला धरून उभ्या होत्या. या वेळी हातात डबा नव्हता.

"पवन अठराचा झाला ना गं कार्तिकात," त्या म्हणाल्या. धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता. "हुकूम संपला. संक्रांतीला येते घरी. चालतं ना? का नवा कागद काढावा लागतो?"

चौदा वर्षं त्यांनी दिवस मोजले होते. मी म्हणाले, "या."

त्या गेल्यावर मी तीन टपालांवर चुकीचे शिक्के मारले. एक वाट अजून होती. त्यांचा समज तसाच राहू द्यायचा, मुलांना म्हणायचं की कोर्टाचंच तसं होतं. मुलांनी मानलं असतं. अत्त्यांनी तर साक्षही दिली असती, माझ्या बाजूनं. तेच मला सोसवेना. खोटं माझं, आणि त्याची शपथ त्यांनी घ्यायची.

काल दुपारी मुलांना समोर बसवलं आणि सांगितलं. कागद काढून ठेवला. पवननं तो वाचला, पुन्हा वाचला. त्याला अज्जीचा चेहराही आठवत नाही. त्याला राग कशावर धरावा तेच कळेना.

चैत्रा कागदाला शिवली नाही. "मार्केटातली ती अज्जी होती, हे मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तिनं मला बघून पाठ फिरवली, आई. मला वाटलं आम्ही नकोय तिला. मी अकरा वर्षं तेच समजत होते."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो मागं घेतला, जोरात नाही, हळूच.

"अज्जीला माहितीय? की हुकूम नव्हताच?"

"नाही."

"मग उद्या तू सांगणार. आमच्यासमोर. ती आत यायच्या आधी."

*

आज सकाळी अकराच्या सुमाराला रिक्षा थांबली. अत्ते उतरल्या, फाटकापाशी आल्या आणि बाहेरच उभ्या राहिल्या. नवीन साडी, केसांत मल्लिगेचा गजरा. माझ्यामागं दोन्ही मुलं. अत्त्यांची नजर त्या दोघांवरून फिरत होती, कुठं थांबावं ते कळत नसल्यासारखी.

"येऊ ना आत?" त्यांनी मलाच विचारलं.

"अत्ते, हुकूम नव्हता. कोर्टानं तुम्हाला कधीच मना केलं नव्हतं. मी खोटं सांगितलं."

त्यांच्यामागं रिक्षावाल्यानं गाडी वळवून नेली.

"कशाला गं?"

"भीती वाटली. मुलं तुमच्याकडं जातील म्हणून."

"माझी भीती वाटली?"

"हो."

"माझी," त्या पुन्हा म्हणाल्या. या वेळी तो प्रश्न नव्हता. त्यांनी फाटकाला हात टेकला. पवन माझ्या बाजूनं पुढं झाला, त्यांच्या कोपराला धरून त्यानं त्यांना पायऱ्या चढवल्या. चैत्रानं खुर्ची ओढली, पाणी दिलं. त्या पाणी प्यायल्या. पेला खाली ठेवला. मी उंबऱ्यापाशी उभी होते, त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

"वसू," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तू थोडा वेळ बाहेर बस."

मी बाहेर पायरीवर बसले.

"चैत्रा, दार ओढून घे गं."

माझ्या मुलीनं माझ्याकडं बघत दार ओढून घेतलं. आत कुणीतरी बोलायला लागलं. शब्द कळत नव्हते. मधेच कुणी रडत असावं, किंवा हसत असावं, दाराच्या अलीकडं दोन्ही सारखंच येत होतं.

शेजारच्या बाई तिळगुळाचं ताट घेऊन आल्या. "हे काय, बाहेर का बसलात? कोण आलंय?"

"मुलांची अज्जी."

"हो? मग आतच येते, त्यांना पण देते." त्यांनी चपला काढायला घेतल्या.

"थांबा जरा," मी म्हणाले. "मलाही अजून आत बोलावलेलं नाही."